केसांतलं टिंब

गिरेडर काकाजी पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांनी आधी कागद तपासला आणि मग मला. गठ्ठ्यातून एक कोरा कागद उपसला, त्याचा कोपरा दोन अंगठ्यांमध्ये धरून चोळला, थोडासा फाडला आणि फाटलेली कड उजेडात धरून म्हणाले, "धागा आखूड आहे याचा. पण चालते." मला राग आला. हिंगणघाटच्या तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळपासून प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, नावातल्या दुरुस्त्या. बाहेर माणसं उन्हात उभी, आणि हे गृहस्थ माझाच कागद फाडून मलाच त्यातली खोट दाखवतायत.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून आगपेटी काढली. उघडली तर आत कापसाची गादी आणि गादीवर करंगळीच्या नखाएवढं, काळपट हिरवं, वेडंवाकडं गोल असं काहीतरी.

"हे रोमचं नाणं आहे," ते म्हणाले. "तांब्याचं. कासं म्हना. दीड हजार वर्षांच्या वरचं."

"रोमहून हिंगणघाटला कसं आलं? बसनं?" मी विचारलं. मी अशीच बोलते, त्याला इलाज नाही.

ते चिडले नाहीत. नीट उत्तर दिलं. "मदुराईपावतर जहाजानं आलं असन. तिथून मी आणलं, रेल्वेनं. असे माह्यापाशी हजार-अकराशे आहेत. त्यायची यादी करायची आहे, ताई. तुमी लिवून द्यान का?"

त्यांचं खरं नाव यादवराव, पण ते फक्त त्यांच्या मतदार कार्डावर होतं. पस्तीस वर्षं एका जिनिंगमध्ये ते कापसाचे ग्रेडर होते, म्हणून सारं गाव त्यांना गिरेडर म्हणायचं. कापसाची गाडी लागली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला पुंजका काढायचा, दोन्ही हातांच्या बोटांत तो ओढून धाग्याची लांबी सांगायची, ओल सांगायची, पत्तीचा कचरा किती ते सांगायचं. त्यांनी एकदा प्रत सांगितली की मालक ती बदलत नसे आणि शेतकरीही भांडत नसे, असं जुने लोक अजून सांगतात. जिनिंगमधल्या रुईच्या गाठी मदुराईकडच्या एका सूतगिरणीत जायच्या. तिकडून मालाची तक्रार आली की ती मिटवायला वर्षातून एक-दोनदा काकाजींना पाठवत. त्या गिरणीच्या मागे मोडीचं दुकान होतं. मोडक्या नळाच्या तोट्या, चेपलेल्या घंटा आणि त्यांच्यात ही नाणी, तिथल्या नदीच्या रेतीतून पोरं चाळून आणत ती. काकाजींनी पहिल्यांदा मूठभर घेतली ती केवळ बोटांना बरी वाटली म्हणून. पुढची वीस वर्षं घेतच राहिले.

माणसांचीही ते कापसासारखीच प्रत लावायचे. आमच्या वॉर्डाचे एक पुढारी दुकानात येऊन गेले की म्हणायचे, "धागा लांब आहे, पण पत्ती लय." समोरच्या अर्जनविसाला त्यांनी पाहता क्षणी 'दबलेला माल' ठरवलं होतं. मला एकदा म्हणाले, "तुमी साफ माल आहे, ताई. फक्त ओल नाई." त्या दुपारी मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते मुकाट्यानं बाकावर बसून होते.

यादीचं काम दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर चालायचं. ते आगपेटी उघडायचे, नाणं अंगठ्याखाली घेऊन फिरवायचे आणि डोळे मिटून सांगायला लागायचे. चेहऱ्याची बाजू, पाठीची बाजू, वजन, कड. चेहऱ्याच्या बाजूला कुठल्यातरी बादशहाचं मुंडकं. त्याच्याभोवती त्याचं नाव असतं, पण ते बहुतेकांवर झिजून गेलेलं. पाठीवर चित्र. एकावर शिपाई पडलेल्या घोडेस्वाराला भाला खुपसतोय, एकावर दोन शिपाई मधे निशाण धरून उभे, एकावर पंखवाली बाई कैद्याला केसाला धरून ओढत नेतेय. चित्राखाली आडवी रेघ आणि रेघेखाली दोन-तीन इवलाली अक्षरं. कुठल्या गावच्या टांकसाळीत नाणं पाडलं ते त्या अक्षरांवरून कळतं. चित्र तेच, मुंडकं तेच, पण खालचं एक अक्षर वेगळं किंवा कडेला एक चांदणी जास्त, की प्रकार बदलला. मला वाटायचं, कोणाला काय फरक पडतो? पण त्यांना पडायचा. बादशहांची खरी नावं त्यांनी पुस्तकांतून पाठ केली होती, तरी बोलताना ते त्यांना आपल्या नावांनीच हाक मारायचे. एक होता 'मानेवाला', एक 'हेडमास्तर', एक 'सर्दी झालेला'. मीही तशीच हाक मारायला लागले. अजून एखाद्या अर्जदाराचं नाक पाहून मला हेडमास्तर आठवतो.

एका दुपारी वीज जाऊन-येऊन करत होती आणि मला कंटाळा आला होता. त्र्याहत्तर नंबरच्या नाण्याला टांकसाळीचा रकाना होता, त्याच्यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही, म्हणून मी तो रिकामा सोडला. पुढच्या खेपेला छापलेली पानं त्यांनी तिथंच बसून वाचली आणि बोट ठेवलं.

"हे रिकामं काऊन आहे?"

"तुम्ही सांगितलं नाही म्हणून."

"अक्षर गेलं आहे त्याचं. मंग 'मालूम नाई' असं लिवा."

"रिकामं काय नि मालूम नाही काय, एकच ना?"

"एक कसं होईन, ताई? मालूम नाई म्हंजे पाह्यलं, पन समजलं नाई. रिकामं म्हंजे पाह्यलंच नाई." त्यांनी अख्खं पान पुन्हा छापून घेतलं. अंदाजानं काहीही भरायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम होता. यादीतला टांकसाळीचा रकाना त्यामुळे निम्म्याहून जास्त 'माहीत नाही'नं भरलेला आहे, आणि त्यांना त्याची लाज नव्हती.

यादीला सुरुवातीला एक छोटी प्रस्तावना हवी होती. त्यात त्यांनी एक वाक्य सांगितलं: 'सदर नाणी खरेदीनंतर घरी साफ करण्यात आली.' मी दिवसभर असलीच वाक्यं बडवते. अर्ज करण्यात आला, चौकशी करण्यात आली, जमीन मोजण्यात आली. कोणी केली, हे माझ्याही मनात आलं नाही.

घरी ते एकटेच होते. मूलबाळ नव्हतं. बायको, सिंधूबाई, मी हिंगणघाटला यायच्या आधीच गेली होती, त्यामुळे मी तिला पाहिलेलं नव्हतं आणि ते तिच्याविषयी बोलत नसत. दोन्ही वेळचा डबा खानावळीतून यायचा. यादीच्या दिवशी ते दोनला यायचे ते मी शटर ओढेपर्यंत थांबायचे. काम संपलेलं असलं तरी बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचा धागा बघायचे. पुढेपुढे बाकीच्या दिवशीही यायला लागले. कधी शाई घ्यायची आहे म्हणून, कधी वेळ विचारायला, हातात घड्याळ असताना. मी कधी म्हणाले नाही की या, आणि कधी म्हणाले नाही की जा. एका सोमवारी सकाळी मी शटर वर करते आहे तर हे समोर उभे. म्हणाले, "रविवार लय लांब असते, ताई." मी त्यांना झाडू दिला आणि म्हटलं, आलाच आहात तर पुढची पायरी झाडा. त्यांनी झाडली, आणि खूश झाले.

आता टिंबाचं. त्याची सुरुवात माझ्यापासून झाली, म्हणून मला सांगायलाच हवं.

यादीला चित्रं हवीत असं त्यांच्या मनात आलं. माझ्याकडे झेरॉक्सबरोबर स्कॅनर आहे. त्याच्या काचेवर नाणी मांडून आम्ही मोठी करून पाहायला लागलो. नखाएवढं नाणं पडद्यावर ताटाएवढं दिसायला लागलं तेव्हा काकाजी खुर्ची ओढून पडद्याला चिकटून बसले. तिसऱ्या की चौथ्या नाण्याला मी म्हटलं, "काचेवर काहीतरी पडलंय," आणि फडक्यानं काच पुसली. पुन्हा तेच. मानेवाल्याच्या डोक्यात मागच्या बाजूला, केसांत, एक टिंब. दुसरं नाणं ठेवलं, त्याच्याही केसांत टिंब. काच स्वच्छ होती. टिंब नाण्यावरच होतं, सुईच्या टोकाएवढं, आत टोचलेलं.

त्यानंतर काकाजींना झोप आली नसावी. त्यांनी घरी जाऊन भिंगाखाली सगळी नाणी नव्यानं पाहिली. सुरुवातीच्या दोन पेट्या सोडल्या तर ज्या ज्या नाण्यावर चेहरा दिसतो त्या प्रत्येकाच्या केसांत टिंब होतं. ज्यांचा चेहरा दिसत नाही, म्हणजे ज्यांच्यावरचा थर निघालाच नाही किंवा जी पार झिजलेली, त्यांच्यावर नव्हतं. अशी दोनेकशे निघाली.

पुस्तकांत त्यांनी वाचलं होतं की आपल्याकडे आलेल्या रोमन नाण्यांवर इथले व्यापारी कधी चरा पाडत, कधी ठसा मारत, खरं-खोटं बघायला. झालं. काकाजींना त्यांचा व्यापारी सापडला. मदुराईच्या त्या नदीच्या उतारावर बसणारा, हातातून जाणारं प्रत्येक नाणं पारखणारा, पसंत पडलं की टोचणारा. असं टिंब कुठल्याही पुस्तकात नव्हतं. हा नवा प्रकार होता, आणि तो शोधला होता हिंगणघाटच्या यादवरावांनी.

पुढचे तीन महिने आम्ही त्या व्यापाऱ्याबरोबर राहिलो. काकाजींनी तो कणाकणानं उभा केला. "डावरा आहे," ते एक दिवस म्हणाले. "पाहा, टिंबाची एक कड उभी आहे, दुसरी उतरती. डोकं वर धरलं का दरवेळी उतार त्याच बाजूनं. नाणं उजव्या हातात धरून डाव्या हातानं टोचलेलं." दुसऱ्या दिवशी नवं काहीतरी. घाईचा नाही, कारण एकही टोचा दुसऱ्यापेक्षा खोल नाही. एकच माणूस, कारण हात एकच. आणि सभ्य. हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. "दुसरा असता तर सरळ गालावर मारला असता. यानं कोनाच्याच तोंडाले हात लावला नाई. केसात टोचलं, दिसू नये असं. जीव होता त्याचा नाण्यायवर." चेहरा नसलेल्या दोनशे नाण्यांना त्यांनी यादीत वेगळा गट दिला: 'व्यापाऱ्याने नाकारलेली'. एरवी मालूम नाई म्हणणारा हा माणूस त्या व्यापाऱ्याबद्दल बोलायला लागला की थांबत नसे. मला कधीकधी वाटायचं, यांना मित्र मिळाला आहे.

त्यांनी लेख सांगितला, मी टाइप केला आणि तो नाण्यांच्या अभ्यासकांच्या एका त्रैमासिकाला पाठवला. पाकीट पोस्टात टाकून आल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा मनातलं सांगितलं. "माह्यामागं कोनी नाई, ताई. जिनिंगच्या वहीत माहं नाव नाई, गाठीवर तं मालकाचं राह्यते. या टिंबाले कोनी शोधलं, एवढी एक ओळ छापून आली का झालं माहं." त्यांचं सगळं म्हणजे सगळं त्या एका ओळीवर येऊन बसलं होतं. मला तेव्हा भीती वाटायला हवी होती, पण मीही वेड्यासारखी पोस्टमनची वाट बघत होते.

उत्तर आलं ते चांगलं होतं. लेख महत्त्वाचा वाटतो, छापण्यापूर्वी नागपूरच्या एका निवृत्त तज्ज्ञांना चार नाणी दाखवावीत. काकाजी इस्त्रीचा शर्ट घालून बसनं नागपूरला गेले, नाणी ठेवून आले. पंधरा दिवसांनी नाणी परत आली, सोबत एक पानाचं पत्र. पत्र मी वाचून दाखवलं. भाषा सौम्य होती. नाण्यांवर शेकडो वर्षांत जो हिरवा थर बसतो तो टिंबाच्या आत नाही. टोचा तो थर फोडून आत गेलेला आहे. म्हणजे नाणी रेतीतून निघाल्यानंतर, फार तर तीस-चाळीस वर्षांपूर्वी, कोणीतरी ती टोचली आहेत. टिंबांचा भाग वगळून बाकीची यादी अवश्य छापावी, ती फार काळजीनं केलेली आहे.

काकाजींनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि निघून गेले. मंगळवारी आले नाहीत. शुक्रवारी आले नाहीत. मी बाकावर फाइली ठेवायला लागले आणि प्रत्येक वेळी उचलूनही ठेवल्या.

पुढच्या मंगळवारी आले ते भांडायच्या तयारीनं. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "लिवा. आपले म्हणणे मान्य नाही." मोडीवाला नाणी टोचत बसेल का, नदीत चाळणारी पोरं टोचतील का, कोणाला एवढा वेळ आहे, असं एकेक ते सांगत गेले. पडद्यावर पुराव्यासाठी मानेवाल्याचं मोठं चित्र उघडून ठेवलेलं होतं. अर्धं पत्र झालं असेल तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. साठीच्या पुढची, हातात थैली, थैलीतून वांग्यांची देठं आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बाहेर आलेल्या.

"भाऊजी, घरी कुलूप. मंग खानावळवाला म्हने इथं असन," ती म्हणाली. ती पुष्पाबाई, सिंधूबाईची धाकटी बहीण. आंजी गावाला त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. वर्षातून दोनदा ती भाजी घेऊन मेव्हण्याला बघायला येते, हे मला तेव्हा कळलं. मी तिला पाणी दिलं. काकाजींनी नुसती मान हलवली आणि पुढं सांगायला लागले, "टिंब हे त्या काळच्या व्यापाऱ्यानेच..."

"काहाचं टिंब?" पुष्पाबाईनं विचारलं.

मी पडदा तिच्याकडे वळवला. तिनं चष्मा काढला, डोळे बारीक करून पाहिलं आणि हसली. "हे? हे तं बाईनं टोचलं."

"कोन बाई?" काकाजी म्हणाले.

"कोन बाई काय पुसता, भाऊजी? आमची बाई. तुमची बायको."

दुकानात झेरॉक्सची मशीन चालू होती, ती मी बंद केली.

पुष्पाबाईला काही कल्पना नव्हती. ती जुनी गंमत सांगावी तशी सांगत होती. "मी बाळंतपनाले आलती ना तुमच्याकडं, दोन महिने. रोज सकाळी तुमी जिनिंगवर गेले का बाई मागच्या पायरीवर थाळी घेऊन बसे. आदल्या दिवशी पान्यात भिजवलेले नाणे, अन् सुईनं कोरू कोरू त्यायचा मळ काढे. झालेले अन् न झालेले एकात एक होऊन जाय. तुमी एक डाव लय बोलले तिले, का झालेलंच नाणं पुन्हा घासलं अन् खराब केलं म्हनून. तवापासून झालं का टोचा मारे. मी म्हनलं, बाई, त्यायले दिसन, पुन्हा बोलतीन. तं म्हने, केसात मारते, केसात कोन पाह्यते?"

काकाजी पडद्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "डाव्या हातानं?"

"मंग? जेवाले उजवा हात, तो बी मायनं मारू मारू लावला. बाकी सारं डाव्यानं करे. सुई तं डाव्याच हातानं धरे." पुष्पाबाई त्यांच्याकडे बघायला लागली. "तुमाले मालूम नाई?"

काकाजींनी पडद्यावरच्या टिंबावर बोट ठेवलं. पुन्हा विचारलं, "अन् ज्याचा चेहरा नाई निघाला, त्याले काऊन नाई टोचलं?"

"ते झालेच नाई ना. बाई म्हने, यायचं तोंड निघाचं आहे अजून. डब्यात टाकून ठेवे. सवडीनं पाहीन म्हने." मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. थैलीतली वांगी उगाच वर-खाली करायला लागली.

पडद्यावर पत्र अर्धवट होतं. मी विचारलं, "काकाजी, याचं काय करू?"

"पुसा," ते म्हणाले. उठले, पुष्पाबाईच्या हातातली थैली घेतली आणि दोघं घराकडे गेले. मी खिडकीतून पाहत होते. ती बोलत होती आणि ते ऐकत होते, मधेच थांबून तिला काहीतरी विचारत होते. तेव्हा माझ्या मनात आलं की तीन महिने हा माणूस त्या व्यापाऱ्याचा हात, त्याची घाई, त्याचा जीव कशावर, हे सगळं बारकाईनं मला सांगत होता, आणि ते सगळं खरं होतं. फक्त ज्या माणसाचं ते होतं ती वीस वर्षं त्यांच्याच घराच्या मागच्या पायरीवर बसलेली होती. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. आधी राग.

पुढच्या शुक्रवारी ते यादी घेऊन आले. टिंबांचा भाग काढून टाका असं ते म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी उलटंच केलं. भाग तसाच ठेवायचा, एक शब्द कमी करायचा नाही, फक्त जिथं जिथं 'व्यापारी' आहे तिथं 'सिंधू' घालायचं. मी घातलं. 'सिंधू डावरी होती. एकही टोचा घाईचा नाही. तिने कोणत्याही नाण्याच्या चेहऱ्याला हात लावला नाही.' वाचताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. प्रस्तावनेतलं 'साफ करण्यात आली' हे वाक्य त्यांनी बदलून घेतलं. आणि 'व्यापाऱ्याने नाकारलेली' हा मथळा त्यांनी पेननं खोडला. मग म्हणाले, "लिवा, साफ करायची राहिलेली."

ही यादी आम्ही त्रैमासिकाला पाठवली. संपादकांनी लगेच कळवलं की यादी उत्तम आहे, येत्या अंकात काकाजींच्या नावानं छापू, मात्र टिंबांविषयीचा मजकूर घरगुती स्वरूपाचा असल्यानं तो गाळावा लागेल. एक तळटीप देता येईल की काही नाण्यांवर साफसफाईच्या वेळचे ओरखडे आहेत.

मी म्हटलं, "छापू द्या, काकाजी. तुमचं नाव येतंय. तुम्हाला तेवढंच हवं होतं ना? बाकीचं आपल्या प्रतीत आहेच." मी बराच वेळ समजावलं. सात वर्षांचं काम होतं त्यांचं, आणि खरं सांगायचं तर माझंही थोडं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"ओरखडे म्हनते तो," ते म्हणाले. "तिनं नाण्याले ओरखडा पडू देला नाई, ताई. आतापावतर एक ओरखडा दाखवा मले." मग म्हणाले, "नाई छापत म्हनून लिवा त्यायले." दोन ओळींचं पत्र होतं ते. सही करताना त्यांचा हात अजिबात थांबला नाही.

त्यानंतर त्यांचं दुकानात येणं कमी झालं आणि मग थांबलंच. पुष्पाबाई त्यांना आंजीला घेऊन जाणार आहे, तिथं तिच्या मळ्यावर एक खोली रिकामी आहे, असं खानावळवाल्यानं सांगितलं. ते गेल्यावर मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. जायच्या आधीच्या एका रविवारी सकाळी मात्र मी त्यांच्या घरी गेले होते. पुढचं दार उघडं होतं. हाक मारली तर मागून आवाज आला.

ते मागच्या पायरीवर बसले होते. मांडीवर थाळी, बाजूला पाण्याची वाटी, झालेल्या नाण्यांसाठी एक कोरडी वाटी, आणि बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात ती राहिलेली दोनशे नाणी. ऊन नुकतंच पायरीवर आलं होतं. त्यांच्या हातात सुई होती. मी शेजारी बसले. ते काम करत राहिले. जो माणूस डोळे मिटून अंगठ्यानं बादशहा ओळखायचा त्याला सुईनं मळ काढता येत नव्हता. सुई घसरायची, नाणं निसटून थाळीत पडायचं, ते पुन्हा उचलायचे. चष्मा नाकावरून खाली येत होता. अर्ध्या तासानं त्यांनी एक नाणं पाण्यात बुडवून धोतराच्या फडक्यानं टिपलं आणि माझ्यासमोर धरलं.

"पाहा बरं, ताई. झालं का हे?"

मी ते उन्हात तिरपं धरलं. नाक दिसत होतं, हनुवटी दिसत होती, कानाच्या जागी थोडा मळ होता. कोण होता ते मला कळलं नाही. पण माणूस होता.

"झालं," मी म्हटलं.

त्यांनी नाणं उजव्या हातात घेतलं आणि सुई डाव्या हातात. डोकं वर येईल असं नाणं फिरवलं. डावं मनगट गुडघ्यावर टेकवलं, श्वास धरला आणि टोचलं. मग भिंगातून पाहिलं आणि भिंग माझ्याकडे दिलं. टोचा गालावर बसला होता, डोळ्याच्या खाली.

"एवढ्या नाण्यांत ती एकदाही नाई चुकली, ताई," काकाजी म्हणाले.

नाणं त्यांनी कोरड्या वाटीत टाकलं नाही. परत डब्यात टाकलं आणि दुसरं उचललं.